डीकन एझेलची साक्ष

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की त्याला प्रश्न विचारायचा नसतो. रविवारी एखादी बाई उठते आणि म्हणते, देवानं माझ्या गुडघ्यातली कळ काढून घेतली. आपण 'आमेन' म्हणायचं. मग तीच बाई पायऱ्या उतरताना कठडा धरून कण्हत का असेना, 'अगं, कळ तर गेली होती ना?' असं कुणी म्हणत नाही. तो तिचा आणि देवाचा मामला. साठ वर्षं मी हेच पाळलं आणि याच रीतीनं माझा घात झाला. घात केला एझेल मंगिननं, पण त्याला तो करता आला तो या रीतीमुळे.

एझेल माझा मित्र. सव्हाना बंदराच्या गोदीत आम्ही दोघांनी बावीस वर्षं जोडीनं कंटेनर बांधले. जहाजावर कंटेनरची चळत लागली की समुद्रात ती हलू नये म्हणून लोखंडी सळया तिरप्या लावून आवळाव्या लागतात. एक जण सळई वर अडकवतो, दुसरा खाली पेच आवळतो. वरचा ओरडला 'बसली!' की खालच्यानं जोर लावायचा. खरंच बसली का ते बघायला मान वर करायची नाही, तेवढा वेळच नसतो. आणि ती बसलेली नसली तर सुटून खालच्याच्या डोक्यात येते. बावीस वर्षांत एझेल हजारो वेळा ओरडला असेल, मी एकदाही मान वर केली नाही. डोकं अजून जागेवर आहे. असा माणूस साक्ष द्यायला उभा राहिला, तर त्याला खोटं म्हणायचं कोणत्या तोंडानं?

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधीच्या वर्षात आमच्या टोळीतले तीन जण एका पाठोपाठ गेले. तिघांचाही आजार कळला तेव्हा वेळ निघून गेली होती. मग पाळकांनी चर्चमागच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुरुषांची न्याहारी सुरू केली. तळलेला मासा, मक्याच्या कण्या, लाल भात, सगळं आम्हीच रांधायचं आणि डॉक्टर पिंकनीचं ऐकायचं. पिंकनी आमच्याच गल्लीतला, मिस युनिसचा नातू. चाळिशीचा, हुशार, आमच्यासारखाच काळा. त्याला नाकं मुरडायला जागा नव्हती. तरी पहिल्याच दिवशी सगळे मूग गिळून बसले. तेव्हा मीच उठून नियम मांडला. इथं बायका येणार नाहीत आणि इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही. घरीसुद्धा नाही. सगळ्यांनी टेबलं बडवली. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

नियम झाला, पण तोंडं उघडली ती फक्त खायला. डॉक्टर पडद्यावर आलेखाचे लाल आणि निळे खांब दाखवायचा. आपल्या लोकांना प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर गाठतो आणि जास्त जणांना गाठतो, म्हणायचा. टेटर नावाचा आमचा क्रेनवाला आहे. खरं नाव लेमुएल, पण ते त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. तो म्हणाला, "डॉक, त्या लाल खांबात मी कुठं बसलोय ते दाखव, म्हणजे तिथून उठतो." सगळे हसले. बाहेर रक्ततपासणीची गाडी उभी होती, तिच्यात कुणी गेलं नाही.

फेब्रुवारीच्या न्याहारीला एझेल उठला. तो चर्चचा डीकन, पाळकांच्या खालोखाल मानाचा. सहा फूट उंच, आवाज असा की माईक नको.

"मला झाला होता," तो म्हणाला. "कॅन्सर. जिथलं नाव घ्यायला आपण लाजतो ना, तिथंच."

काट्याचमच्यांचा आवाज थांबला. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"नाताळात मी अटलांटाला लेकीकडे गेलो होतो. तुम्हाला वाटलं, म्हातारा नातवंडं खेळवतोय. मी तिकडं पोट फाडून घेत होतो, बाबांनो. काढून टाकला त्यांनी. बघा माझ्याकडं!" त्यानं हात पसरले. "दोन आठवडे बाळासारखा लंगोट बांधला. तिसऱ्या आठवड्यात कोरडा ठणठणीत. आणि त्याच्या पुढचं विचारू नका..."

"विचारणार की!" टेटर ओरडला.

"त्याच्या पुढचं माझी बायको ओडेसा किती खुशीत असते त्यावरून ओळखा."

हॉल हसून हसून कोसळला. आमेन, आमेन! कॉफीच्या भांड्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टर पिंकनीनंही टाळ्या वाजवल्या आणि 'आमेन' म्हणाला. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी एक्केचाळीस जणांनी गाडीत जाऊन रक्त दिलं. सहा जणांच्या रक्तातला आकडा वाईट आला. त्या सहांतला एक मी.

तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता. पिंकनी म्हणाला, ऑपरेशन करू किंवा किरणं देऊ, निर्णय तुमचा. मी म्हणालो, एकसष्ट झाली माझी, आहे तसं राहू दे. त्यानं मला दटावलं नाही. नुसतं म्हणाला, "मिस्टर गॅडसन, मिस्टर मंगिनशी एकदा बोला." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

एझेल माझ्या स्वयंपाकघरात आला. माझी बायको व्हर्डेल हिची चार बिस्किटं मधात बुडवून खाल्ली आणि ती व्हरांड्यात गेल्यावर टेबलावर वाकून म्हणाला, "भितोस काय रे गाढवा? मी आहे ना समोर. काप म्हणावं आणि मोकळा हो."

मे महिन्यात मी कापून घेतलं.

दोन आठवडे गेले, दोन महिने गेले. मी गळतच होतो. खोकलो की गळायचं, हसलो की गळायचं, नातीला उचललं की गळायचं. खोकणं हातात नव्हतं, म्हणून मी हसणं आणि नात उचलणं बंद केलं. ट्रकच्या सीटखाली पॅडचा पुडा लपवायला लागलो. बिछान्यातलं तर सांगतच नाही. व्हर्डेलनं आधी समजून घेतलं, मग विचारलं, मग विचारायचं सोडलं. मी पाठीचं निमित्त करून दुसऱ्या खोलीत झोपायला लागलो. एक दिवस ती भांडी घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोण आहे ती?" मला हसू आलं असतं, पण हसलो असतो तर पुन्हा पॅड बदलावं लागलं असतं.

"कुणी नाही गं. ऑपरेशनमुळं आहे."

"मग एझेलचं कसं सगळं नीट झालं? तूच सांगितलंस ना? मी ओडेसाला विचारते, तिनं काय केलं ते."

"खबरदार!" मी असा ओरडलो की तिच्या हातातली बशी निसटली. "हॉलमधलं हॉलमध्ये. मी तुला सांगितलं हीच माझी चूक झाली. ओडेसाच्या कानावर एक शब्द गेला तर मी त्या पुरुषांना तोंड दाखवू शकणार नाही."

तिनं फुटलेली बशी उचलली. पुन्हा तो विषय काढला नाही.

एझेलला मात्र मी विचारलं. लाज गुंडाळून, चर्चच्या आवारात गाड्यांमध्ये उभं राहून. तो म्हणाला, "व्यायाम कर, प्रार्थना कर, ईस्टरपर्यंत सगळं परत येईल. माझं आलंच की." ईस्टर आला आणि गेला. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारायचा, सगळं ठीक? मी म्हणायचो, ठीक. दोन आठवड्यांत कोरडा झालेला माणूस दर महिन्याला माझ्या शेजारी बसून मासा खात होता. मग बिघाड माझ्यातच असणार, दुसरं काय? बावीस महिने मी स्वतःला सडका माणूस समजत जगलो.

या वर्षी मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी ओडेसाचा फोन आला. एझेलला खुर्चीतून उठता येईना. नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगपासून तो वाकून चालत होता. पाठ म्हणायचा, गोदीनं दिलेली भेट म्हणायचा. मी गेलो, त्याला काखेत धरून गाडीत घातलं. एवढा मोठा माणूस, पण हाताला हलका लागला.

इस्पितळात नर्सनं कागद भरायला घेतला. "आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"कधीच नाही," ओडेसा म्हणाली. "हा माणूस दात काढायला सुद्धा जात नाही, बाई. सुरी बघितली की याला घाम फुटतो."

मला वाटलं तिला माहीत नाही, एझेलनं तिच्यापासून लपवलं असेल. तेवढ्यात नर्सनं त्याचा शर्ट वर केला. माझ्या पोटावर पाच व्रण आहेत आणि बेंबीच्या वर एक मोठा. एझेलचं पोट लहान मुलाच्या पोटासारखं गुळगुळीत होतं. मी त्याचा चष्मा हातात धरून उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तासाभरानं तिथला डॉक्टर आला. प्रोस्टेटचा कॅन्सर, पाठीच्या मणक्यात पसरलेला. ओडेसा म्हणाली, "आज सकाळपर्यंत तर नुसती पाठ दुखत होती." डॉक्टर म्हणाला, "हे आजचं नाही, मॅडम. कित्येक वर्षांचं आहे." ती माझ्याकडे वळली, जणू काही मला माहीत असावं. मी चष्मा तिच्या हातात दिला आणि बाहेर पडलो. माझ्या डोक्यात तेव्हा ओडेसा नव्हती, मीच होतो. गाडीच्या चाकाला लाथा घालून घालून मी अंगठा सुजवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकनीच्या दवाखान्यात गेलो. वेळ घेतली नव्हती. त्यानं दार लावून घेतलं.

"डॉक, तुला माहीत होतं."

"मिस्टर गॅडसन, दुसऱ्या रुग्णाबद्दल मला बोलता येत नाही. कायदा आहे."

"मी त्याच्याबद्दल विचारत नाही, तुझ्याबद्दल विचारतोय. तो उभा राहून थापा मारत होता आणि तू कॉफीच्या भांड्याजवळ टाळ्या पिटत होतास. कायद्यानं गप्प बस म्हटलं असेल, पण आमेन म्हण असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि बोटांत फिरवायला लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी एक्केचाळीस लोक गाडीत चढले. मी आठ महिने खांब दाखवत होतो, एक माणूस चढला नव्हता."

"आणि मला त्याच्याकडं पाठवलंस. 'मिस्टर मंगिनशी बोला.' आठवतं?"

"आठवतं." त्याचे डोळे भरले होते, पण मला त्याची कीव आली नाही. "नाही पाठवलं असतं तर तुम्ही ऑपरेशन केलं असतं?"

"तो माझा प्रश्न आहे. तू मला खोटी फूटपट्टी दिलीस आणि मी बावीस महिने स्वतःला तिनं मोजतोय. तो दोन आठवड्यांत कोरडा, मी अजून गळतोय. मी गळतोय, डॉक! आता, या खुर्चीत!"

पिंकनीच्या हातातलं पेन थांबलं. "तुम्ही तर दर वेळी ठीक म्हणालात. यावर उपाय आहेत. छोटं ऑपरेशन आहे. बिछान्यातल्या त्रासावरही आहेत. तुम्ही एकदा जरी..."

"कसं सांगणार? तुझा मिस्टर मंगिन कोरडा ठणठणीत होता ना!"

शिकलेल्या माणसाला निरुत्तर केल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आमच्या गल्लीतला पोर डॉक्टर झाला तेव्हा मी त्याच्या पदवीच्या मेजवानीला शंभर खेकडे उकडले होते. केसानं गळा कापावा तर आपल्याच माणसानं.

तिथून इस्पितळात, एझेलकडे. ओडेसा कपडे आणायला घरी गेली होती. टीव्हीवर आवाज बंद करून बेसबॉल चालू होता.

"बस," तो म्हणाला.

"बसणार नाही. दोन आठवडे कुठून आणलेस रे?"

"डॉकनं दिलेल्या पत्रकात होतं. काही जण दोन आठवड्यांत बरे होतात म्हणून."

"काही जण!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "व्हर्डेलला सोडून मी दोन वर्षं दुसऱ्या खोलीत झोपतोय. तिला वाटतं मी बाई ठेवलीय. तुला विचारलं होतं मी, गाड्यांमध्ये उभा राहून, भिकाऱ्यासारखं. ईस्टरपर्यंत परत येईल म्हणालास. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः सुरीला बघून पळालास."

तो छताकडे बघत बोलायला लागला. आवाज सगळा गेला होता. "माझा बाप हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता. आम्हा काळ्यांसाठी खाली तळघरात वॉर्ड असायचा. मी दहा वर्षांचा होतो. त्याची टोपी परत दिली त्यांनी, कागदात गुंडाळून. तो परत आला नाही. अटलांटाला मी खरंच कापून घ्यायला गेलो होतो, कॉर्नेल. इस्पितळाच्या दारापर्यंत गेलो. तिथून मागं फिरलो आणि नातवंडांना आइस्क्रीम खायला नेलं."

"आणि मग आमच्यासमोर उभा राहिलास."

"खोटं बोलायला नव्हतो उभा राहिलो. मला झालाय आणि मला भीती वाटते, एवढंच सांगणार होतो. पण 'मला झाला' म्हटलं आणि तुमची तोंडं बघितली. तुझं बघितलं. तुम्ही सगळे माझ्याआधीच मेल्यासारखे बसला होता. मग तोंडातून निघून गेलं, काढून टाकला म्हणून. पहिलं आमेन आलं ना, तेव्हा मलाही वाटलं, गेला असेल." त्यानं चादर वर ओढली. "दर महिन्याला डॉकला म्हणायचो, पुढच्या महिन्यात करतो. खरंच वाटायचं. एकदा केलं की मग खोटं उरलंच नसतं."

त्यानं छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"पण तू जिवंत आहेस ना?"

या एका वाक्यासाठी मी त्याला तिथंच बदडला असता, कारण ते खरं होतं. त्याच्या थापेवर मी जगलो होतो आणि तो स्वतः मरत होता. आता मी त्याचे आभार मानायचे की काय?

"परवा शनिवार आहे," तो म्हणाला. "टेटरलाही निघालाय, मंगळवारी त्याचं ऑपरेशन. त्याला कळलं तर तो पळेल. झाकली मूठ राहू दे, भावा. पाठीचं दुखणं म्हणून सांग. मी गेल्यावर काय ओरडायचं ते ओरड."

मी त्याला वचन दिलं नाही. टीव्हीवर कुणीतरी धाव घेतली आणि लोक आवाज न करता नाचायला लागले. मी निघून आलो.

शनिवारी मी ठरवून गेलो होतो की एझेलचं नाव घ्यायचं नाही. आणि हेही सांगतो, जिभेवर त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतंच. चाळीसेक जण आले होते. पाळकांनी डीकनसाठी प्रार्थना केली. मग मी उठलो. बोलायला माझं तोंड कोरडं पडलं होतं, नको तिथंच ओल होती. मी पँटवरून पॅडला हात लावून सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं. गळणं, ट्रकमधला पुडा, वेगळी खोली. नातीला उचलत नाही हेही सांगितलं, आणि ते सांगताना रडलो.

एकानंही आमेन म्हटलं नाही. मग मागच्या टेबलावरून ब्रदर होरेस फ्रेझियर म्हणाला, "मला वाटायचं मी एकटाच." त्याच्या पलीकडचा एक जण नुसता हात वर करून बसला. आकडा वाईट आलेल्या त्या सहा जणांपैकी आम्ही तिघं गळत होतो आणि तिघंही दोन वर्षं एकाच टेबलावर मासा खात होतो.

तेवढ्यात टेटर उभा राहिला. साक्ष चालू असताना प्रश्न विचारणारा मी बघितलेला तो पहिला माणूस. "मग डीकनचं कसं जमलं? सांग ना. मंगळवारी मला कापणार आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पिंकनी कॉफीच्या भांड्याजवळ होता, त्यानं डोळे मिटले. आपलेच दात, आपलेच ओठ. मला गप्प बसता आलं असतं. 'त्याला देवानं बरं केलं' म्हणता आलं असतं, आणि कुणी पुढं विचारलं नसतं.

"त्याला कापलंच नव्हतं," मी म्हणालो. "तो घाबरला. आता कॅन्सर हाडांत गेलाय. त्याचं पोट मी बघितलंय."

टेटर तसाच उभा. "आणि तुला कापलंय."

"हो."

"आणि तू गळतोस."

"गळतो."

"पण आहेस."

"दिसतोय ना."

तो खाली बसला आणि ताटातला भात काट्यानं इकडून तिकडं ढकलत राहिला. मंगळवारी तो इस्पितळात गेला, ऑपरेशन झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. पुढं सांगायची इच्छा उरणार नाही. त्या सकाळी मला वाटलं, मी बरोबर केलं. एझेलनं खोट्यानं जे केलं ते मी खऱ्यानं केलं आणि त्याचं माझं फिटलं. गाडी चालवत घरी येताना मी चक्क गाणं म्हणत होतो. घरी आल्यावर व्हर्डेलला बसवून सगळं सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

हॉलमधलं हॉलमध्ये राहिलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी घरी सांगितलं असणार. रविवारी दुपारी चर्चहून आलो, व्हर्डेल वाटाणे सोलत होती, मी टाय सोडत होतो, आणि ओडेसा मागच्या दारानं आत आली. मागच्याच दारानं यायची ती, चाळीस वर्षं. पण खुर्ची ओढून बसली नाही.

"टेटरच्या बायकोचा फोन आला होता," ती म्हणाली. "मला म्हणाली, ओडेसा, त्यानं ऑपरेशन केलं नाही हे तू कसं सहन केलंस गं? मी म्हटलं, कसलं ऑपरेशन?"

मी म्हणालो, "ओडेसा, मला बोलावंच लागलं. टेटरचा जीव..."

"तू काल बोललास त्याचं मला काही नाही. बरं केलंस. मला सांग, त्याला झालाय हे तुला कधीपासून माहीत होतं?"

मी टाय मुठीत गुंडाळला.

"दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत," तिनंच सांगितलं. "चाळीस पुरुषांना, एका डॉक्टरला आणि पाळकांना माहीत होतं की माझ्या नवऱ्याला कॅन्सर झाला होता. मी त्याचे कपडे धुते, त्याला जेवायला घालते, आणि मला माहीत नव्हतं." ती व्हर्डेलकडे वळली. "तुला?"

व्हर्डेलच्या मांडीवरचे वाटाणे जमिनीवर सांडले. "मी तुला विचारणार होते गं. यानं मला विचारू दिलं नाही."

ओडेसानं माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "त्यानं तुला फसवलं म्हणून तू पिंकनीला जाऊन शिव्या दिल्यास, मला पिंकनीनंच सांगितलं. एझेलला इस्पितळात जाऊन शिव्या दिल्यास. तुला राग येणारच. पण या दोन वर्षांत दर रविवारी तू माझ्या टेबलावर जेवलास, कॉर्नेल. एकदा विचारायचं होतंस. 'ओडेसा, ऑपरेशननंतर बरा आहे ना गं तो?' एवढंच. कुणीही करतो अशी चौकशी, परका माणूस सुद्धा करतो. मी म्हटलं असतं, कसलं ऑपरेशन? आणि त्याच दिवशी त्याला कानाला धरून सुरीखाली नेलं असतं. मी भीत नाही सुरीला."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आमचा नियम होता, असं म्हणणार होतो. ते म्हणालो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

ती आल्या दारानं निघून गेली. तिची गाडी लवकर सुरू होईना, किल्ली तिनं चार-पाच वेळा फिरवली. खिडकीतून मला दिसत होतं. एरवी मी धावत गेलो असतो. त्या दिवशी मी टाय हातात घेऊन तिथंच उभा राहिलो, आणि व्हर्डेल खाली बसून एकेक वाटाणा वेचत होती.